सर्वानुमते

पुढच्या रांगेत बसायला शालन तयार नव्हती. अ‍ॅडव्होकेट नलवडे मात्र खुर्ची ओढून धरून उभे होते.

"काकू, इथे बसा. मागे बसलात तर साहेबांना दिसणार नाही."

"मी कशाला दिसायला हवी?" शालन म्हणाली. "गाडी यांच्या नावावर आहे."

नलवडे हसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काकांनी घरी काही सांगितलेलं दिसत नाही."

काकांना काही माहीतच नव्हतं. पण तसं चारचौघांत म्हणायला मला जमलं नाही. मी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही सांगता येणार नाही. शालन त्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि पर्सवर दोन्ही हात ठेवले. पर्समध्ये तिचा दम्याचा पंप असायचा.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्यातलं सगळं बरोबर आठवतंय असा दावा मी करणार नाही, माझ्या आठवणीवर माझा फारसा विश्वास नाही. पण त्या हॉलमधला वास आठवतो. एसीची थंड, कुबट हवा आणि तिच्यात खालच्या भटारखान्यातून वर येणारा आटलेल्या दुधाचा वास. अजूनही कुठल्या लग्नात तो वास आला की मला जेवण जात नाही.

सांगली-मिरज रस्त्यावरचं ते हॉटेल होतं. वरच्या मजल्यावर हॉल आणि खाली गाड्या लावायला मोठं आवार. एप्रिलमधला रविवार. टोर्वाल गाड्यांच्या मालकांची सभा होती. टोर्वाल ही परदेशी कंपनी. तिच्या डिझेल गाड्यांत एक छुपा प्रोग्रॅम घातलेला होता. गाडी तपासणीच्या यंत्रावर चढवली की त्या प्रोग्रॅमला ते कळायचं, आणि इंजिन पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं शहाणं वागायचं. गाडी रस्त्यावर आली की तेच इंजिन परवानगीच्या कितीतरी पट विषारी वायू सोडायचं. ही लबाडी तिकडे परदेशात उघडकीला आली, मग आपल्या वर्तमानपत्रांत आली, आणि थोड्याच दिवसांत आमच्या भागातल्या टोर्वालवाल्यांनी संघ काढला. पुढारी अर्थातच नलवडे. मला त्यांनी चिटणीस केलं. मी जन्मभर वाचनालयात ग्रंथपाल होतो, नलवडे शाळकरी असताना तिथे पुस्तकं बदलायला यायचे. चिटणीसाला बोलावं लागत नाही, नुसतं लिहावं लागतं, असं त्यांनी सांगितलं म्हणून मी कबूल झालो.

ग्रंथपालाकडे परदेशी गाडी कुठून आली, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर संपत चौगुले. हा आमच्या गल्लीतला बेदाण्याचा व्यापारी, मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. शालनला डॉक्टरांकडे मिरजेला स्कूटरवरून न्यायचो, तेव्हा रस्त्याच्या धुळीने तिचा दमा उसळायचा. चौगुल्याने एकदा ते पाहिलं. त्याला टोर्वालचं नवं मॉडेल घ्यायचं होतं, म्हणून जुनी गाडी त्याने आम्हाला कमी पैशांत, जवळजवळ बळेच दिली. मी साठीनंतर गाडी शिकलो. मी इतकी हळू चालवायचो की सायकलवाले मागून घंटा वाजवायचे.

घराच्या खालच्या दोन खोल्यांत शालन बालवाडी चालवायची. गाडी लावायला जागा एकच, बालवाडीच्या खिडकीखाली. ती बातमी आली त्या दिवशी शालनने पेपर वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "म्हणजे सकाळी तुम्ही गाडी सुरू करून तापवत ठेवता, तेव्हा पोरं हेच ओढून घेतात?"

मी म्हटलं, तसंच असावं.

त्या दिवसापासून बालवाडी सुटेपर्यंत गाडीची किल्ली तिच्याकडे राहू लागली. डॉक्टरांची वेळ आम्ही दुपारची करून घेतली. तिकडच्या देशांत कंपनी गाड्या फुकट दुरुस्त करून देते, हेही त्या बातमीत होतं. शालनला तेवढंच हवं होतं. आपली गाडी दुरुस्त होऊन मिळावी. त्यासाठी ती माझ्याबरोबर सभेला आली होती.

कंपनीचे साहेब यायचे होते. त्यांच्यापुढे ठेवायला भरपाईचा हिशेब आधी ठरवायचा होता, आणि त्यावरून हॉलमध्ये जो वाद झाला तो लिहून घेताना माझी बोटं दुखली. एक हाडांचे डॉक्टर म्हणाले, गाडीची विकायची किंमत पडली, ती कंपनीने भरून द्यावी. एक बिल्डर म्हणाला, किंमत गेली खड्ड्यात. मुलाच्या साखरपुड्यात व्याह्याने माझ्या गाडीकडे बोट करून 'हीच काय ती धुराची' असं विचारलं, त्याचं काय करणार? त्यावर बऱ्याच माना हलल्या आणि 'मनस्ताप' असं एक कलम घालायचं ठरलं. मग मनस्ताप सगळ्यांचा सारखा धरायचा की गाडीच्या मॉडेलप्रमाणे, यावर बराच वेळ गेला. प्रवासी भाड्याने गाडी चालवणाऱ्या एकाचं म्हणणं पडलं की ज्याची गाडी जास्त पळली त्याचं नुकसान जास्त, तेव्हा किलोमीटरवर पैसे द्यावेत. मला वाटलं, जास्त पळली म्हणजे धूरही जास्त सोडला. मग त्याने घ्यायचे की द्यायचे? पण मला वाटतं ते बहुधा चुकीचं असतं, म्हणून मी त्याचं म्हणणं नुसतं लिहून घेतलं.

मग कुणीतरी विषय काढला, जुनी गाडी विकत घेतलेल्यांचा. त्यांना निम्मंच द्यावं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौगुले उठून उभा राहिला.

"काकांना पूर्ण द्यायचं," तो म्हणाला. "गाडी माझीच होती. आधीचा धूर मी सोडला, पुढचा काकांनी. आमच्यात भांडण नाही."

हॉल हसला, टाळ्याही पडल्या. मीसुद्धा हसलो. शालन हसली नाही.

नलवड्यांनी मग हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. हे सगळं ठीक आहे, पण कंपनी याला भीक घालणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. किंमत पडली, मनस्ताप झाला, हे कंपन्या रोज ऐकतात. त्या घाबरतात एकाच गोष्टीला, आरोग्याला. आणि आरोग्य कागदावर दाखवून चालत नाही, माणूस दाखवावा लागतो. एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. हॉलही तिकडे बघायला लागला. पाठीमागून एक बाई हळू आवाजात म्हणाली, "श्वास ऐका ना, बसल्या बसल्या वाजतोय." त्या आवाजात काळजी नव्हती. बाजारात भाजी निवडताना बायका बोलतात तसा तो आवाज होता.

कंपनीचे मेहेंदळे आले ते एवढ्यात. पस्तिशीचा, फिक्या निळ्या शर्टातला, पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोलणारा माणूस. त्याने आल्या आल्या सगळ्यांना नमस्कार केला आणि दुपारचं जेवण कंपनीतर्फे आहे, असं सांगितलं. झाल्या प्रकाराला तो 'गैरसोय' म्हणत होता. तुमची गैरसोय झाली, गैरसोयीची आम्हाला जाणीव आहे. लबाडी हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही, आणि मजा म्हणजे थोड्या वेळाने आमच्या लोकांच्याही तोंडातून तो नाहीसा झाला. तेही 'गैरसोय' म्हणू लागले.

नलवड्यांनी वेळ घालवला नाही. शालनच्या खुर्चीमागे जाऊन त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"या आमच्या हेर्लेकर काकू. दम्याच्या रुग्ण. पंप घेतल्याशिवाय आताही जिना चढता आला नाही. यांच्या दारात कंपनीची गाडी उभी असते. काकू, साहेबांना तुमच्या शब्दांत सांगा."

शालन उभी राहिली. उभं राहिल्याशिवाय तिला बोलता येत नसे, ही तिची शाळेतली सवय.

"मला दमा लहानपणापासून आहे," ती म्हणाली. "इचलकरंजीला आमच्या घरातच माग होते. कापसाची भुकटी नाकातोंडात जायची. माझ्या दम्याचा आणि गाडीचा संबंध नाही."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. नलवडे अजून हसतच होते. "काकू फार साध्या आहेत. पण वाढला तर असेल ना, काकू? गाडी आल्यापासून?"

"नाही. कमी झालाय. स्कूटरवर धूळ लागायची. गाडीत मी काचा लावून बसते." ती श्वास घ्यायला थांबली. "तुम्ही सगळेच काचा लावून बसता. आत बसणाऱ्याला काय होतंय? धूर मागे जातो. मघापासून मी ऐकतेय, तुमचं नुकसान काय झालं ते मला कळलेलं नाही. आमच्या गाडीच्या मागे खिडकी आहे आणि खिडकीत लहान पोरं बसतात. मला पैसे नकोत. गाडी दुरुस्त करून द्या."

ती खाली बसली. मेहेंदळ्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. इतका वेळ त्यांनी कुणाकडेच तसं पाहिलं नव्हतं. "अगदी रास्त आहे तुमचं, मॅडम," ते म्हणाले, आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेले.

ते परत आले तेव्हा त्यांच्याकडे दोन पर्याय होते. पहिला, दुरुस्ती. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आणायची, प्रोग्रॅम बदलला जाईल, एक भाग बसवला जाईल. मात्र गाडीचा पिकअप थोडा कमी होईल आणि अ‍ॅव्हरेजही उतरेल, हे प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं. दुसरा पर्याय, दुरुस्ती नाही. त्याऐवजी प्रत्येक गाडीमागे एक सदिच्छा रक्कम. आता व्हरांड्यात वरिष्ठांशी बोलून त्यांनी ती वाढवून घेतली होती. आकडा त्यांनी सांगितला. कुणी अपेक्षाच केली नव्हती एवढ्याची. अट एकच. संघाने एकमताने ठराव करायचा की आम्ही गाडीबद्दल समाधानी आहोत आणि आमच्यापैकी कुणीही दुरुस्ती मागणार नाही. बहुमत चालणार नाही. एकानेही दुरुस्ती मागितली तर कंपनीने दोष कबूल केल्यासारखं होतं. तेव्हा उपस्थित सभासदांचं एकमत, नाहीतर पहिला पर्याय सगळ्यांना.

यावर चर्चा अशी झालीच नाही. 'पिकअप कमी होईल' हे शब्द लोकांनी ऐकले आणि त्यांचे चेहरे असे झाले, जणू कुणी त्यांच्या घरातल्या माणसाबद्दल वाईट बोललं होतं. आंबा घाटात ट्रकला ओव्हरटेक कसं करायचं, असं एकाने विचारलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, गाडी पळतेय ना उत्तम, मग पोट फाडायचं कशाला. थोड्या वेळापूर्वी याच लोकांनी कंपनीला चोर, दरोडेखोर म्हटलं होतं. त्या चोराने केलेली चोरी काढून घेऊ नये, एवढीच आता त्यांची मागणी होती. आणि नलवडे सगळ्यांना सांगत होते की आधी जेवून घेऊ, ठराव मग.

जेवायला मी बसलो, पण पानाकडे बघवत नव्हतं. पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी होती, आणि वाट्या भरभरून बासुंदी. भरपाई मागायला आलेली माणसं कंपनीची बासुंदी मागून मागून घेत होती. बिल्डरच्या मिशीत चारोळीचा दाणा अडकला होता आणि तो जिभेने काढायचा प्रयत्न करत होता. शेजारचा माणूस वाटीत बोट फिरवून साय चाटत होता आणि चाटता चाटता मला सांगत होता की दोन गाड्या असत्या तर बरं झालं असतं. मी हात धुवायला उठलो.

बेसिनपाशी नलवडे चूळ भरत होते.

"काकूंनी जरा घोटाळाच केला," ते म्हणाले. "पण पथ्यावर पडलं. तुमच्या लक्षात आलं ना, आकडा का वाढला?"

मी म्हटलं, नाही.

"पैसे मागणाऱ्याला कंपनी घाबरत नाही, काका. त्याला किती द्यायचे ते तिला माहीत असतं. काकूंना पैसे नकोत. असं माणूस ग्राहक मंचात उभं राहिलं तर संपलं. तो व्हरांड्यात हेच बोलत होता, मी ऐकलं." त्यांनी पुन्हा चूळ भरली, खळखळून बेसिनमध्ये थुंकले आणि रुमालाने ओठ पुसले. "दम्याने मिळाले नसते तेवढे काकूंच्या खरेपणाने मिळवून दिले. मानलं पाहिजे."

बेसिनच्या कडेला दुधाचे पांढरे थेंब पडले होते. त्यांतले काही माझ्या बाहीवर उडाले. मी बाही धुतली, पुन्हा धुतली. मग परत येऊन माझ्या जागी बसलो.

नलवडे ठराव सांगायला लागले आणि मी लिहायला लागलो. 'टोर्वाल वाहनमालक संघाचे सर्व उपस्थित सभासद आपापल्या वाहनाच्या कामगिरीबद्दल पूर्ण समाधानी असून...' मी 'सर्व'पर्यंत लिहिलं. माझ्यासमोर शालन बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या एसीकडे बघत होती. तिने मला एकदा खुणावलं असतं तरी बरं झालं असतं, म्हणजे पुढे जे झालं ते तिच्यामुळे झालं असं मी स्वतःला सांगू शकलो असतो.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. नलवडे ठराव सांगतच होते. मला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो.

त्यानंतर सगळेच बोलले. आधी समजुतीने बोलले. काका, विचार करा, काकूंच्या औषधपाण्याला होतील. मग जरा चढ्या आवाजात. जुनी गाडी घेतलेल्याला पूर्ण रक्कम देतोय आम्ही, ते विसरलात काय? एक जण म्हणाला, पुस्तकं वाचून माणूस असा होतो. चौगुले माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला, माझा हात हातात घेतला आणि कानात म्हणाला, सही करून टाका, तुमची एकट्याची गाडी मी ओळखीने गुपचूप दुरुस्त करून आणतो. मला वाटतं, तो मनापासून म्हणत होता. मी मेहेंदळ्यांकडे पाहिलं. त्यांनी अगदी खेदाने मान हलवली. तसं करता येणार नाही. कंपनीच्या शब्दाचा प्रश्न आहे.

कंपनीच्या शब्दाचा. त्या हॉलमध्ये यावर कुणी हसलं नाही.

नलवड्यांनी घड्याळात पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हरकत नाही. काकांवर जबरदस्ती नको. ठरावात 'उपस्थित' असाच शब्द आहे. काका, तुम्ही आणि काकू पाच मिनिटं खाली जाऊन येता? काकूंनाही जरा मोकळी हवा मिळेल."

मी उठलो. माझा स्वभावच तसा आहे, कुणी नम्रपणे काही सांगितलं की माझे पाय आपोआप निघतात. मी दारापर्यंत पोचलोही होतो. दाराची मूठ धरली, तेव्हा मागे पाहिलं, तर शालन खुर्चीतच बसलेली होती. जागची हललीसुद्धा नव्हती. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. ती सभासद नव्हती, तिचं त्यांना काम उरलं नव्हतं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते, मी मूठ कधी फिरवतो ते. आणि त्या वेळी मला कळलं की माझ्या बोलण्याने यांचं अडत नाही, विचारांनी अडत नाही, नकारानेही अडत नाही. माझ्या तिथे असण्याने तेवढं अडतंय.

बोलणं मला कधी जमलं नाही. बसणं मात्र जमतं. मी चाळीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. मी परत आलो आणि शालनच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

"मी उपस्थित आहे," मी म्हटलं.

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. मेहेंदळे आणि नलवडे कोपऱ्यात जाऊन बोलले. मग नलवड्यांनी हातानेच काही खूण केली, आणि सगळे उठायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं, सभा मोडली. बायकांनी पर्स घेतल्या, कुणी पानाचा विडा उचलला, कुणी बासुंदीची वाटी हातात घेऊनच निघाला. जिन्यावर चपला वाजल्या. आमच्याशी कुणी बोललं नाही, वाईटही बोललं नाही. हॉलमध्ये आम्ही दोघं, रिकाम्या खुर्च्या आणि वाढपी राहिले.

"कुठे गेले?" शालनने विचारलं.

मी खिडकीपाशी जाऊन ती उघडली. खाली आवारात, उन्हात, सगळे आपापल्या गाड्यांपाशी उभे होते. ऊन सोसेना म्हणून बऱ्याच जणांनी इंजिन सुरू करून, एसी लावून, दारं उघडी ठेवली होती आणि थंड हवेच्या झोतात पाय सोडून बसले होते. मधे नलवडे काही वाचत होते. इंजिनांच्या घरघरीत शब्द कळत नव्हते. मग हात वर झाले. काही हात गाड्यांच्या आतूनच वर झाले. शालन माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने ते पाहिलं, पंप काढला आणि तोंडाला लावला. खिडकी बंद करायला मी हात पुढे केला, तर तिने माझा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बघू द्या."

चौगुले वर आला तेव्हा त्याच्या हातात आमच्यासाठी जेवणाची दोन पार्सलं होती. तो घामाघूम झाला होता, आणि खूश होता.

"काका, झालं. सर्वानुमते. राग धरू नका, तुमचा हिस्सा त्यात आहे."

मी म्हटलं, मी तर वर होतो.

"ते साहेबांनी काढलं डोक्यातून. हुशार माणूस. म्हणाले, संघ वाहनांचा आहे, तेव्हा ज्यांची वाहनं आवारात हजर आहेत ते सगळे उपस्थित धरू. तुमची गाडी खाली उभीच आहे की."

"आणि माझ्या गाडीने हात वर केला?"

मी आयुष्यात असं तिरकस बोललो असेन तर तेवढं एकदाच. चौगुल्याला ते लागलं नाही. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

"विरोध तर केला नाही, काका."

शालनने त्याच्या हातातली पार्सलं घेतली नाहीत. तो ती टेबलावर ठेवून गेला.

आम्ही खाली उतरलो तेव्हा आवार रिकामं झालं होतं. आमची गाडी एकटीच उन्हात उभी होती. शालन तिच्या मागच्या बाजूला गेली, कमरेत वाकली आणि धुराच्या नळीत पाहायला लागली. बालवाडीतल्या पोराचा घसा दुखत असला की ती असंच वाकून बघायची. बराच वेळ बघून ती सरळ झाली.

"काळं काहीसुद्धा नाही हो आत," ती म्हणाली.

रक्कम आमच्याही खात्यात आली. मी ती परत पाठवली. कंपनीचं आभाराचं पत्र आलं. वर्कशॉपमध्ये गाडी घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकून पाहिला आणि सांगितलं, ही गाडी समाधानी यादीत आहे, हिचं काम करता येत नाही. ग्राहक मंचात जा, असं अनेकांनी सुचवलं. चांगला वकील कोण, म्हणून विचारलं की नाव सांगायचे नलवड्यांचं. पुढे पुढे गाडी विकत घ्यायला लोक येऊ लागले. बाजारात आता दुरुस्ती न झालेल्या टोर्वालला जास्त किंमत होती. येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, हात लावलेला नाही ना कुणी इंजिनाला? शालन त्यांना पाणी द्यायची, पत्ता विचारायची, घरासमोर गाडी कुठे लावणार ते विचारायची, आणि नाही म्हणून सांगायची.

शेवटी आम्ही ती मिरजेच्या एका भंगारवाल्याकडे नेली. इम्तियाज मुल्ला त्याचं नाव. गाडी चालत आलेली बघून त्याचा विश्वास बसेना. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करून कान दिला आणि म्हणाला, याला काही झालेलं नाही. पत्रा मोडतो, पण इंजिन बाहेर काढून ठेवतो. कुणाच्याही विहिरीवर बसेल, दुसऱ्या गाडीत बसेल. त्याचे वेगळे पैसे देतो.

शालन म्हणाली, इंजिनच आधी मोडायचं, आमच्यासमोर.

"पण आजी, बिघाड काय आहे यात?"

"ते खोटं बोलतं," शालन म्हणाली.

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. त्याने माणसं लावून इंजिन बाहेर काढलं आणि जमिनीवर ठेवलं. मग एक मोठा घण आणून माझ्यापुढे धरला. म्हणाला, मग पहिला घाव तुम्हीच घाला, माझ्याच्याने होणार नाही. मला तो एकट्याने उचलवेना. शालनने पर्स खाली ठेवली आणि दांडा दोन्ही हातांनी धरला. आम्ही दोघांनी मिळून तो कसाबसा कमरेपर्यंत उचलला आणि सोडला. ठण्ण आवाज झाला आणि लोखंडावर नुसता पांढरा ओरखडा उठला. शालनला धाप लागली होती. मी म्हटलं, पुरे, आता ही माणसं करतील. तिने मान हलवली, पंप घेतला, श्वास जागेवर येईपर्यंत थांबली.

मग आम्ही तो पुन्हा उचलला.